आईच्या अंगाला गोचीड टिकत नसे

त्या रविवारी सकाळी आई चांदीला, आमच्या गायीला, तेल चोळत होती.

ते तेल गायीसाठी नव्हतं. काजूच्या बागेत किंवा रानात जाण्याआधी माणसांनी ते हातापायांना लावायचं, म्हणजे गोचिडी चिकटत नाहीत, असं बाटलीवर चित्रासकट छापलेलं होतं. आरोग्य उपकेंद्रातली ताई घरोघरी बाटल्या देऊन जायची. आई हसून बाटली घ्यायची आणि चांदीच्या कानांमागे, आचळांभोवती, शेपटीच्या मुळाशी ती रिकामी करायची.

"आये, ता माणसांचा तेल," मी गोठ्याच्या दारातून म्हटलं.

"माहीत आसा माका."

"मगे?"

"मगे काय? गायीक हात आसत? माका आसत. माका चावली तर मी काडून टाकतंय. तिना काय करूचा?"

"माकडताप माणसांक होता. गायीक होणा नाय."

"ताप होणा नाय. पण चावतत तरी मां?"

मी वाद सोडून दिला. आईशी बोलताना बहुतेक वेळा असंच व्हायचं.

दोडामार्ग तालुक्याच्या डोंगराळ टोकाला आमचं वायंगवणे. मी शाळेत असल्यापासून तिथे माकडताप आहे. रानात एखादं माकड मरून पडतं, त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून पाचोळ्यात पसरतात. तो पाचोळा, आमच्याकडे त्याला पातेरा म्हणतात, बायका भारे बांधून डोक्यावरून घरी आणतात आणि गोठ्यात गुरांच्या पायाखाली पसरतात. पौषात सुरू झालेला ताप पाऊस पडेपर्यंत चालतो. काही माणसं त्यात जातात, वाचलेली महिनोन् महिने उठत नाहीत. पूर्वी एक लस होती, ती पुरेशी लागू पडत नाही म्हणून बंद झाली. आता मेलेल्या माकडाच्या जागी ड्रोन येतो, पावडर टाकून जातो, आणि मुलं त्याच्यामागे धावतात.

आईनं कपाळावरचा घाम पुसायला मान वळवली तेव्हा तिच्या केसांखाली मला तांबडी गांधी उठलेली दिसली. मधोमध मोहरीएवढी गोचीड. मी चिमटा आणला, पण चिमटा लागताच ती आपोआप सुटून आली.

"तुझ्या अंगाक एक पण टिकणा नाय," मी म्हटलं.

"माजा रगात कडू. तुझो बापूस म्हणायचो, रगात नाय, जीभ." ती हसली आणि मान खाजवत राहिली. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्यावरचे विनोद ती अजून ताजे ठेवून होती.

दुपारी कुळथाची पिठी आणि भाजलेला सुका बांगडा. जेवताना तिनं मला विचारलं, "आता काय वाचतंस?" कोल्हापूरच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. आईचा समज होता की मला वाचण्याचाच पगार मिळतो.

"बर्फात अडकलेल्या माणसांचा पुस्तक. बोटीची वाट बघतत."

"इली बोट?"

"थंयसर नाय पोचलंय अजून."

"शेवटचा पान आधी वाचून घे. उगाच जिवाक घोर."

दुपारच्या बसला ती मला सोडायला आली नाही; बागेत पातेरा काढून ठेवला होता, तो आणायचा होता. बस वळणावर आली तेव्हा उताराच्या कडेनं जाणारा एक मोठा भारा मला दिसला. खाली दोन पाय. बाकी आई भाऱ्यात झाकून गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या बाबलकाकांचा फोन आला. चांदी हंबरत होती म्हणून ते बघायला गेले, तर आई गोठ्यात भिंतीला टेकून बसलेली. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव. ताप नव्हता, माकडतापाशी काही संबंध नव्हता. तिलारी नदीत रक्षा सोडली, बारावं-तेरावं झालं, चांदी बाबलकाकांकडे दिली आणि मी कोल्हापूरला परत आले.

*

ग्रंथालय हे दुःख करायला सोयीचं ठिकाण आहे. तिथे कोणी मोठ्यानं बोलत नाही, आणि तुम्ही गप्प बसलात तर कोणाला वेगळं वाटत नाही. आईचा फोन रोज संध्याकाळी ज्या वेळी यायचा त्या वेळी मी मुद्दाम पुस्तकांच्या मागच्या रांगांत काम काढायचे.

अशाच एका संध्याकाळी फोन वाजला. पुण्याच्या प्रयोगशाळेतून डॉ. समीना बागवान बोलत होत्या. मागच्या मोसमात त्यांची गाडी वायंगवण्यात आली होती आणि त्यांनी ज्यांना ताप आला आणि ज्यांना आला नाही अशा दोघांचंही रक्त घेतलं होतं. बाबलकाका सुईला घाबरून मागच्या दारानं निसटत होते, तेव्हा आईनं सगळ्यांसमोर आधी आपला हात पुढे केला होता. हे मला नंतर काकांनीच सांगितलं.

"रसिकाताई, आई गेल्याचं आम्हाला आज समजलं," बागवान म्हणाल्या. "मी दोन दिवसांनी फोन करू का?"

"कशासाठी करत होतात?"

"त्यांच्या पेशींची एक कुपी आमच्याकडे आहे. शेवटची. ती वापरायची परवानगी आता तुमच्याकडून लागेल."

"पेशी म्हणजे जिवंत?"

"गोठवलेल्या आहेत. थांबलेल्या. ऊब दिली की चालू होतील. काही दिवस चालतील."

फोन ठेवल्यावर मी पुस्तकांच्या रांगेत जमिनीवर बसले. आईला आम्ही स्वतःच्या हातांनी अग्नी दिला होता, आणि तिचं काहीतरी पुण्यात थांबलेलं होतं.

बागवानांनी पाठवलेलं सगळं मी वाचलं. कळलं ते असं.

शरीरात पहारा देणाऱ्या काही पेशींना अख्खा विषाणू दिसत नाही. त्याचा एखादा तुकडा, आठ-दहा मण्यांच्या माळेएवढा, दुसऱ्या पेशी त्यांच्यापुढे धरतात. तुकडा ओळखीचा वाटला की पहारेकरी उठतात, वाढतात, लढतात. कोणता तुकडा पुढे धरला जाईल हे मात्र माणसागणिक बदलतं. आईबापांकडून जी पकड मिळाली असेल तिच्यात जो बसेल तोच. म्हणून लस बनवताना मुख्य प्रश्न हा, की विषाणूच्या हजारो तुकड्यांतले कोणते घेतले तर त्या भागातल्या जास्तीत जास्त माणसांच्या पकडीत बसतील. पूर्वी हे एकेक करून बघत आणि त्यात वर्षं जात. आता संगणक प्रत्येक तुकडा आणि प्रत्येक पकड स्वतःच घडवतो, एकमेकांत बसवून बघतो आणि निवड समोर ठेवतो.

पुण्याच्या संगणकानं निवडलेले तुकडे चांगले होते, तरी त्यांची लस प्राण्यांमध्ये अर्धवटच चालली. कारण विषाणू एकटा येत नाही, गोचिडीच्या लाळेतून येतो. ती लाळ चावलेली जागा बधिर करते, पहारेकऱ्यांना गुंगी आणते, आणि त्या गुंगीत विषाणू आत निघून जातो.

आईचं रक्त इथे आलं. तिला कधी ताप आला नव्हता. विषाणूच्या तुकड्यांना तिच्या पेशींनी फारशी दाद दिली नाही, पण लाळेतलं एक प्रथिन दिसताच त्या अशा उठल्या की तपासणाऱ्या मुलीला वाटलं, नळ्यांची अदलाबदल झाली. आईच्या कातडीला गोचिडीची ओळख पटत होती. चावताच गांधी उठायची, खाज सुटायची, आणि गोचिडीला तिथे पोटभर बसताच येत नसे.

मग संगणकाला लाळ शिकवली गेली. त्यानं नव्या लसीचे सहा आराखडे काढले, सगळ्यांत थोडा विषाणू आणि थोडी लाळ. त्यांतला कोणता माणसाच्या पेशींना खरंच हलवेल हे मात्र त्याला ठरवता येईना. शिकायला त्याला असं माणूस एकच मिळालं होतं.

"दुसरं कोणीच नाही?" मी पुढच्या फोनवर विचारलं.

"तालुकाभर शोधलं. वर्षानुवर्षं सतत गोचिडी चावून घेतलेलं माणूस हवं. हल्ली सगळे तेल लावतात. तुमच्या आई लावत नव्हत्या का?"

"त्या गायीला लावायच्या."

पलीकडे बागवान हसल्या, आणि लगेच म्हणाल्या, "माफ करा."

"हसा. तीही हसली असती."

त्यांनी सरळ सांगितलं. पावसाआधी निवड झाली तर पुढच्या पौषापर्यंत लस गावात येऊ शकते. नाहीतर एक मोसम जाईल, किंवा दोन, किंवा आई भेटली तसं दुसरं कोणी भेटेपर्यंत कितीही. आणि मी नकार दिला तर ती कुपी आहे तशी राहील, त्याबद्दल मला कोणी काही विचारणार नाही.

नव्या कायद्यानं संमती तोंडी द्यायची असते. ठरलेल्या वेळी फोन आला. यंत्राचा आवाज स्वच्छ, मऊ, कोणत्याच गावचा नसलेला.

"मृत व्यक्तीशी आपलं नातं सांगा."

"मुलगी."

"आपल्यावर कोणाचा दबाव आहे का?"

"नाही."

"चाचणीत या पेशी पूर्णपणे वापरल्या जातील. त्या परत मिळणार नाहीत. हे आपल्याला समजलं आहे का?"

समजलं होतं. तोंड उघडेना. आवाजानं त्याच मऊपणानं प्रश्न पुन्हा विचारला, मग आणखी एकदा. मग म्हणाला, "आपला प्रतिसाद मिळाला नाही. धन्यवाद."

*

होळीच्या सुट्टीत मी वायंगवण्याला गेले. घर उघडून झाडलं आणि बाबलकाकांकडे चांदीला बघायला गेले. ती मला ओळखल्यासारखं करून लगेच दुसरीकडे बघू लागली.

"तुझी गाय माका लाथो मारता," काका म्हणाले. "तेल लायल्याशिवाय दूध देणा नाय. तुझ्या आवशीन लाडावून ठेवलीहा."

"आणि तुमी लावतास?"

"लावतंय. ह्या घरात आता कोण नाय लावणा?" त्यांनी मानेनं पडवीकडे दाखवलं.

पडवीत त्यांची सून सुनंदा बसली होती. मागच्या महिन्यात ती माकडतापानं गोव्याच्या इस्पितळात होती. केस विरळ झाले होते. तिच्यासमोर सुपात ओल्या काजूच्या बिया होत्या आणि मांडीवर टोकदार सुरी. ओली बी चिरून आतला गर अख्खा काढायचा, हे फार नाजूक काम. सालीतला चीक बोटांना लागला तर कातडी जळते. सुनंदा पूर्वी हे बोलता बोलता करायची, सुरीकडे न बघता.

"बस गे, रसिका," ती म्हणाली. "मी चाय करतंय."

"तू रव. मी करतंय."

"तू पावणी."

ती उठली नाही. सुरी उचलून तिनं एक बी हातात धरली. हात थरथरू लागला, सुरीचं टोक बीवरून घसरलं. तिनं सुरी पुन्हा मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बोटां ऐकणत नाय. डोक्टर म्हणता, बळ येतला. कधी येतला ता सांगणा नाय."

"तेल लायला नव्हता?"

"लायला हुता. दुपारपर्यंत घामान कितक्या रवता?"

चहा काकांनीच केला. कपात साखर ढवळत ते म्हणाले, "पुढल्या साली हिका बागेत पाठवचंय नाय. मीच जातलंय."

"ह्या वयात?"

"बी काय वय बघून पडता?"

मी त्यांना लसीबद्दल सांगितलं. कुपीबद्दल नाही. एवढंच, की पुण्यात एक लस बनते आहे आणि ती घेतली की गोचीड चावल्यावर खाज सुटेल.

काकांनी चमचा खाली ठेवला. "म्हणजे खाज येवची लस?"

"होय."

"ती काढूक पुण्यातली शिकलेली माणसां बसलीहत?"

सुनंदा हसली. हसताना तिच्या हातातला कप हिंदकळला, चहा साडीवर सांडला आणि ती हसायची थांबली. काकांनी खांद्यावरचा पंचा तिच्याकडे टाकला. चहा गरम होता. तिला तो पंचाही नीट धरता येईना. मी पुढे होऊन तिच्या मांडीवरचा चहा टिपला. ती माझ्या डोक्यावरून पलीकडे बागेकडे बघत होती.

त्या संध्याकाळी घराच्या पायरीवर बसून मी स्वतःच संमतीचा क्रमांक लावला. तोच आवाज, तेच प्रश्न.

"त्या परत मिळणार नाहीत. हे आपल्याला समजलं आहे का?"

"समजलं आहे," मी म्हटलं. "हो."

*

बागवानांना मी एकच विनंती केली होती, पेशींना ऊब दिल्यावर एकदा बघू द्या. त्यांनी आधी नियम सांगितले, मग कोणाकडून तरी परवानगी आणली.

पुण्यात उन्हाळा लागला होता. प्रयोगशाळेत मात्र थंडी. मला पांढरा झगा, टोपी, पायांत निळ्या पिशव्या. बागवान माझ्यापेक्षा लहान निघाल्या, बुटक्या, वेगानं चालणाऱ्या. एका छोट्या खोलीत कपाटाएवढं यंत्र होतं, आत माणसाच्या अंगाएवढी ऊब.

"सहा आराखडे, सहा खण," त्या म्हणाल्या. "प्रत्येकात तुमच्या आईंच्या थोड्या पेशी. हा पहिला."

पडद्यावर करड्या पाण्यात विखुरलेले ठिपके दिसले. सुटे सुटे, एकमेकांपासून लांब. दुसऱ्या खणात तेच, तिसऱ्यातही. चौथ्यात दोन-तीन ठिपके जवळ आलेले. मी मनात म्हणत होते, एवढंच? यासाठी?

"आता पाचवा."

पाचव्या खणात ठिपके सुटे नव्हते. घोस धरले होते त्यांनी, करवंदांच्या जाळीसारखे दाट. कडेच्या एका पेशीला मधोमध चिमटा बसल्यासारखा झाला होता.

"ती काय करतेय?"

"दोन होतेय," बागवान म्हणाल्या. "मी सकाळपासून चार वेळा बघितलं. संगणकानं पाचव्याला सगळ्यात खालचा नंबर दिला होता."

सहाव्या खणात पुन्हा विखुरलेले ठिपके होते. आम्ही दोघी पाचव्याकडे परत आलो आणि बघत राहिलो. मला पडवीतली सुरी आठवली, आणि काका बागेत एकटेच जाणार होते ते.

"आता पुढे?" मी विचारलं.

"पुढे आमचं काम. प्राण्यांवर, मग माणसांवर. पण पाचवा घेऊनच जाणार आहोत आता, एवढं नक्की." त्या घुटमळल्या. "संध्याकाळी यांना रंग घालून मोजायचंय. किती वाढल्या, किती जोरानं. ते केल्याशिवाय हे कोणी मान्य करणार नाही."

"रंग घातल्यावर त्या..."

"हो. मग नाही राहत."

मी मान हलवली.

"तुम्हाला थोडा वेळ बसायचं असेल तर बसा. मी बाहेर आहे. फक्त दार उघडू नका, ऊब जाते."

त्या गेल्या. यंत्राची घरघर तेवढी राहिली. पडद्यावर ती कडेची पेशी मधून आवळत आवळत शेवटी तुटली. आता दोन होत्या, शेजारी शेजारी.

मला कळत होतं की ही आई नाही. हिला कान नाहीत, ही मला ओळखत नाही, हिला ओळखता येते ती फक्त गोचिडीची लाळ. इतकं वाचलेल्या बाईला यापेक्षा जास्त काही वाटू नये. पण खोलीत दुसरं कोणी नव्हतं, आणि संध्याकाळनंतर बोलायलाही कोणी राहणार नव्हतं.

गेली अकरा वर्षं मी कोल्हापुरात तिसऱ्या मजल्यावर राहते. आई वायंगवण्यात राहायची. दोघींच्याही घरी एकच ताट वाढलं जायचं. रोज फोनवर आम्ही एकमेकींना काय जेवलो ते सांगायचो, पावसाचं सांगायचो, चांदीचं सांगायचो. ती मला ये म्हणाली नाही, कारण म्हटलं असतं तर मी नोकरी सोडून गेले असते. मी तिला म्हटलं नाही, कारण ती आली असती, आणि गॅलरीत उभी राहून गोठ्याची काळजी करत झुरली असती. एकमेकींना जपण्यात आम्ही तरबेज होतो.

मी खुर्ची पडद्याजवळ ओढली. काचेवर माझा श्वास उमटेल एवढी जवळ.

"आये," मी म्हटलं. रिकाम्या खोलीत तो आवाज मला परका वाटला, म्हणून पुन्हा म्हटलं.

"आये, माका एकटीक करमणा नाय. तू माझ्याकडे येवन रव गे."